दुसरा फटका

शिरूरची एसटी नगर रस्त्यानं पुण्यात शिरते ती येरवड्यावरूनच. तरी कॉलेजच्या सुट्टीत कॅडीचं काम मिळेपर्यंत तिथं पूना क्लबचं गोल्फचं मैदान आहे, हे माझ्या गावीही नव्हतं. त्या खेळातलं जे काही कळलं, ते अण्णांमुळे. अण्णा तिथले कॅडी, दौंडचे. पहाटेच्या शटलनं यायचे. शिक्षण चौथीपर्यंत.

प्रत्येक होलला सुरुवातीच्या जागा, म्हणजे टी, एकापुढे एक असतात. मागची पट्टीच्या खेळाडूंची, पुढची लाल ती बायकांची, एवढंच मी ऐकून होतो. अण्णांनी ते खोडून काढलं. ‘‘टीला बाई-बाप्या कळत नाही. साहेबांचा बॉल किती जातो ते बघ. ते किती सांगतात ते सोड.’’

मग मातीत काडीनं हिशेब मांडला. होल 420 यार्डांचा. 250 मारणाऱ्याला उरले 170. 180 मारणाऱ्याला उरले 240, म्हणजे दुसऱ्या फटक्यातही झेंड्याभोवतीची हिरवळ, ग्रीन, लांबच. त्यालाच 300 यार्डांवरून खेळवलं तर उरतात 120. दुसऱ्या फटक्याला दोघांच्या हातात साधारण एकाच नंबरचा क्लब आला, की टी बरोबर.

‘‘पण कच्च्या खेळाडूला जादा फटक्यांची सूट, हँडिकॅप, असतो की,’’ मी म्हणालो.

‘‘त्यानं कार्ड सुधारतं, खेळ नाही. पाणीच ओलांडत नसेल, तर जादा फटके घेऊन काय करायचं?’’

मोठेपणी वाचनात आलं, की प्रत्येक टीला वेगळं कोर्स रेटिंग आणि स्लोप असतो, म्हणजे तिथून खेळणं किती अवघड याचे आकडे. स्लोप 55 ते 155, सर्वसाधारण 113. म्हणून वेगवेगळ्या टीवरून खेळणाऱ्यांचाही सामना लागतो. 2011 मध्ये अमेरिकेत लोकांना पुढच्या टीवर आणायची मोहीमच निघाली. ड्राइव्ह 200 यार्ड जात असेल, तर अख्खा कोर्स 5200 ते 5400 यार्डांचा धरावा, असा तिचा सल्ला. मला काडीचा हिशेब आठवला.

साहेबाला पुढे या म्हणायचं कसं, ही मात्र पुस्तकाबाहेरची विद्या. उतारवयातले एक गृहस्थ मागची टी सोडत नसत. अण्णा नुसतं म्हणाले, ‘‘वारा समोरून आहे, साहेब,’’ आणि बॅग पुढच्या टीवर नेऊन ठेवली. वारा फारसा नव्हताच. गृहस्थ त्या दिवशी मजेत खेळले. माणसाचा मान आणि खेळ दोन्ही राखता येतात, हे मला तिथं दिसलं.

पुढे मी शिरूर तालुक्यात क्रीडाशिक्षक झालो. अडथळ्यांच्या शर्यतीत अठरा वर्षांखालच्या मुलांचा अडथळा 91.4 सेंटिमीटर, मुलींचा 76.2, दोन अडथळ्यांतलं अंतर मुलांना 9.14 मीटर, मुलींना 8.5. नियम पुस्तकात आहेत. पण सरावाला येणाऱ्या लहानग्यांसाठी मी अण्णांचीच कसोटी लावतो. दोन अडथळ्यांमध्ये तीन पावलं बसली पाहिजेत. पाच लागली, तर पोराला न ओरडता मी अडथळे जवळ आणतो. सहकारी याला लाड म्हणतात. त्यांना पटवताना माझ्या तोंडून निघतात ते शब्द बहुतेक अण्णांचेच असतात.