एकोणचाळीस वर्षांची इमारत
डोंबिवली (पूर्व), २०२५

१ एप्रिल

आजपासून रेडी रेकनरचे नवे दर. जिन्यात दुसरा विषय नाही. तळमजल्यावरचे भाऊ म्हणाले, घर बसल्या जागी महाग झालं. महाग झालं ते सरकारचं कागदावरचं मूल्य. करारातली किंमत आणि हे मूल्य, जे जास्त त्यावर मुद्रांक शुल्क. आमच्याकडे सात टक्के. घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट. भरायचं घेणाऱ्याने. विकणाऱ्याच्या हातात यातलं काही पडत नाही.

५ एप्रिल

आईंच्या खोलीत छताला पोपडे. झाडूच्या दांड्याने टोचलं तर पोकळ आवाज. आईंचा पलंग खिडकीकडे सरकवला. त्यांना सांगितलं, वारा येतो म्हणून.

६ एप्रिल

ओट्याचं कोटेशन आलं. ग्रॅनाइट, ट्रॉल्या, नवी फरशी, दोन लाख दहा हजार. पैसे बाजूला काढलेले आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून याच कडप्प्यावर स्वयंपाक. दिवाळीच्या आत नवा ओटा हवाच.

९ एप्रिल

रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्क्याने उतरवला. ६ टक्क्यांवर आला. संध्याकाळी मुलाचा पुण्याहून फोन. "आई, विकायचं तर हीच वेळ. घेणाऱ्याला कर्ज स्वस्त पडतंय." त्याला त्याच्याच कर्जाबद्दल विचारलं. रेपोशी जोडलेलं आहे म्हणाला. म्हटलं, मग दर उतरला का ते स्टेटमेंटमध्ये बघ. आणि हप्ता कमी करून घेऊ नकोस. आहे तोच ठेव, मुदत घटू दे. व्याज त्यात वाचतं.

विकण्याचा विषय तसाच राहिला.

१३ एप्रिल

एजंट येऊन गेला. करारात ५२० फूट बिल्टअप. त्याने टेप लावली, कार्पेट ४१० भरलं. आता भाव कार्पेटवर बोलतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बेचाळीस लाख म्हणाला. "काकू, रंग काढा, बाथरूमच्या टाइल्स बदला, अठ्ठेचाळीस मागू. गिऱ्हाईक किचन आणि बाथरूम बघतं."

आतल्या खोलीचं छत दाखवलं.

"पीओपी मारा. दिसणार नाही."

आईंना पुढच्या खोलीतून सगळं ऐकू जात होतं. रात्री जेवल्या नाहीत नीट.

१५ एप्रिल

पहिल्या मजल्यावर पीओपीवाले आलेत. त्यांचा फ्लॅट विकायला निघालाय.

१९ एप्रिल

सेक्रेटरींकडे गेले. छताचं सांगितलं. उत्तर ठरलेलं, "वहिनी, रिडेव्हलपमेंट होणारच आहे. कशाला पैसे घालायचे?"

हे वाक्य मी मुलगा कॉलेजात होता तेव्हापासून ऐकतेय. या वाक्यापायी गच्ची केली नाही, बाहेरचा गिलावा केला नाही, ड्रेनेजचे पाइप बदलले नाहीत. तीन बिल्डर आले, नकाशा बघितला, चहा घेतला, गेले. परत कोणी का आलं नाही, हे कोणी विचारलंच नाही.

आज मी विचारलं. यांच्या ऑफिसातले एक आर्किटेक्ट आहेत, त्यांना फोन लावला. पहिला प्रश्न त्यांनी केला, समोरचा रस्ता किती रुंद? म्हटलं, रिक्षा आणि टेम्पो समोरासमोर आले तर एकाला मागे जावं लागतं. ते म्हणाले, रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही. वर विकायला जागाच उरली नाही तर बिल्डर कशासाठी येईल?

आमची गल्ली साडेसहा मीटर. हे मोजून आले.

२० एप्रिल

आर्किटेक्टनी दुसरा प्रश्न विचारला होता. कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का? नाही. इमारत १९८६ ची, जमीन अजून मूळ मालकाच्या वारसांच्या नावावर. सोळा घरं आणि खालची जमीन दुसऱ्याची.

बिल्डर सही करत नसेल किंवा सापडत नसेल तर मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) करता येतं. जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये अर्ज. लागणारे कागद लिहून घेतले: सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, प्रत्येक घराचा करारनामा आणि इंडेक्स टू, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा.

आमचा करारनामा आईंच्या ट्रंकेत मिळाला. कडा वाळवीने खाल्ल्यात, मजकूर शाबूत. आज लॅमिनेट करणार होते. आर्किटेक्ट नको म्हणाले. मूळ कागद लॅमिनेट करायचा नाही. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला.

२६ एप्रिल

महापालिकेची नोटीस. तीस वर्षांवरच्या इमारतींनी स्ट्रक्चरल ऑडिट करून अहवाल द्यावा. आपल्या उपविधींतही आहेच. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा, त्यापुढे तीन वर्षांतून एकदा. आमचं एकदाही झालेलं नाही. सेक्रेटरी नोटीस खिशात घालून फिरतायत. मी झेरॉक्स काढून जिन्यात लावली.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. पुरणपोळी. आमरस. ओट्याच्या माणसाला ॲडव्हान्स द्यायचा होता. दिला नाही. ऑडिट होऊ दे.

४ मे

इंजिनिअर आले. पॅनेलवरचे, वयाने मोठे, कमी बोलणारे. पार्किंगमधल्या खांबांवर हातोडीसारखं यंत्र टेकवून आकडे घेतले. मग कोपऱ्यातल्या खांबाचा तुकडा छिनीने उडवला, आतल्या ताज्या काँक्रीटवर बाटलीतून पाणी फवारलं. पाणी नव्हतं, फिनॉल्फ्थॅलीन होतं. आतला भाग बघता बघता राणी रंगाचा झाला. बाहेरची जवळजवळ दोन बोटं मात्र करडीच राहिली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. शेजारच्या काकूंचा नातू पुन्हा फवारा म्हणाला, त्यांनी फवारलं. करडं ते करडंच.

समजावून सांगितलं. चांगल्या काँक्रीटमध्ये अल्कली असते, तिच्यामुळे सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायॉक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत जातो, अल्कली संपते. तिथे रंग चढत नाही. आमची सळई त्या करड्या थरात आली. गंज चढला की सळई फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलते. आईंच्या छताला जे झालं ते हेच. वर पुट्टी लावून, रंग देऊन, पीओपी करून आतला गंज थांबत नाही.

नंतर घरी आले. छत बघितलं. मी ओट्याची आणि फरशीची हौस सांगितली. त्यांनी विचारलं, जुनी फरशी काढून की तिच्यावरच? कोटेशनमध्ये 'जुन्यावर नवी' होतं. त्यांनी हिशेब केला. दोन इंच मॉर्टर आणि वर टाइल म्हणजे चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास. स्वयंपाकघर सात चौरस मीटर. पाऊण टनाहून जास्त वजन, कायमचं, याच स्लॅबवर.

कोटेशन ड्रॉवरमध्ये ठेवलं.

११ मे

अहवाल आला. सी-२ बी. म्हणजे घरं रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती. एक पायरी वर असतो तर रिकामी करावी लागली असती. सी-१ असतो तर पाडावीच लागली असती. अंदाज अठ्ठावीस लाख. सिंकिंग फंडात सहा. दुरुस्ती निधी आम्ही कधी नीट गोळाच केला नाही. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का दुरुस्तीला आणि पाव टक्का सिंकिंग फंडाला, निदान एवढं हवं. आम्ही महिन्याला पन्नास रुपये घेत आलो आणि मेंटेनन्स कमी म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

सभेत आरडाओरड. निर्णय नाही.

१५ मे

पहिल्या मजल्याचा सौदा ठरत आलाय. घेणारं जोडपं तरुण. तिला सातवा महिना. जिन्यात दम खायला थांबली, पाणी दिलं. विचारलं, ऑडिट रिपोर्ट बघितलात का? नाही म्हणाली. म्हटलं, सोसायटीकडे मागा. बाकी काही बोलले नाही.

रात्री पहिल्या मजल्याच्या वहिनी दारात. सौदा मोडायला निघालात का म्हणाल्या. मी म्हटलं, त्या खोलीत पाळणा टांगायचाय त्यांना. छताच्या हुकाला. वहिनी काही न बोलता खाली गेल्या.

१८ मे

मुलाशी बोलणं झालं. घर विकलं तर करही बघायला हवा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन पर्याय, इंडेक्सेशन न घेता साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशन घेऊन वीस. जो कमी पडेल तो. आमचं घर १९८६ चं, त्यामुळे १ एप्रिल २००१ ची किंमत धरायची, त्यासाठी व्हॅल्युअरचा दाखला. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर नफ्यावरचा कर वाचतो. पण बेचाळीस लाखांत इथे लिफ्टवालं नवीन घर कुठे? शिळफाट्याकडे जावं लागेल. आईंचे डॉक्टर इथे, माझं वाचनालय इथे.

तो गप्प राहिला. मग म्हणाला, निदान छत तरी करून घ्या.

२० मे

कल्याण पूर्वेला इमारतीचा स्लॅब कोसळला. वरचा खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर. सहा जण गेले. एक लहान मूल त्यात. वरच्या मजल्यावर फरशीचं काम चालू होतं म्हणतात.

हे टीव्ही बंद करत नाहीयेत.

२१ मे

झोप नाही. आईंना पुढच्या खोलीत आणलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात.

सकाळी सेक्रेटरी स्वतः वर आले. "वहिनी, त्या इंजिनिअरना आजच बोलावू." दुपारी पार्किंगमध्ये आणि आईंच्या खोलीत लोखंडी टेकू लागले.

२६ मे

पाऊस. हवामान खात्याने मान्सून मुंबईत आल्याचं जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. कॉन्ट्रॅक्टर गच्चीचा कोबा फोडायला उद्या सुरुवात करणार होता. इंजिनिअरांनी थांबवलं म्हणून वाचलो. फोडलेली गच्ची घेऊन पावसाळा काढता येत नाही. गच्चीवर सध्या ताडपत्री आणि पाइपांची तोंडं साफ, बस.

१ जून

आतल्या खोलीत तीन बादल्या.

६ जून

रेपो अर्ध्या टक्क्याने खाली. साडेपाच. मुलाने स्टेटमेंटचा फोटो पाठवला. एप्रिलची कपात पोहोचली, मुदत घटली.

८ जून

विशेष सर्वसाधारण सभा. सोळापैकी पंधरा हजर, एकाची लेखी संमती. दुरुस्ती मंजूर. माणशी एक लाख चाळीस हजार, तीन हप्त्यांत. मानीव अभिहस्तांतरणाचा अर्जही मंजूर. तळमजल्यावरच्या भाऊंनी विचारलं, पुढे रिडेव्हलपमेंट झाली तर हे पैसे बुडाले ना? मी उभी राहिले. म्हटलं, झाली तर आनंद आहे, एक्कावन्न टक्के संमती, बँक गॅरंटी, सगळं नियमाने करू. पण जमीन नावावर नाही आणि रस्ता अरुंद आहे तोवर आपल्याला इथेच झोपायचंय. भाऊ खाली बसले. त्यांनीच पहिला चेक दिला.

बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाइप यांची गळती सोसायटीची. बाथरूम आणि सिंकची गळती ज्याची त्याची. हे इतिवृत्तात स्पष्ट लिहून घेतलं, नाहीतर वर्षभर भांडणं.

१० जून

वटपौर्णिमा. ओट्याचे पैसे मोडले.

१५ जून

पहिल्या मजल्याचं जोडपं परत आलं होतं. बँकेच्या इंजिनिअरने रिपोर्ट मागितला. इमारतीचं वय बघून कर्ज वीसऐवजी बारा वर्षांचं. किंमत अडीच लाखांनी उतरवली, दुरुस्तीचा हप्ता विकणारा भरणार. पीओपी काढून छत उघडं करून द्यायचं ठरलं. वहिनी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

२२ जून

पार्किंगच्या खांबांचं काम सुरू. सैल काँक्रीट काढलं, सळया तारेच्या ब्रशने घासल्या. एक सळई इतकी झिजलेली की शेजारी नवी जोडावी लागली. गंजरोधक लावून मग मायक्रो काँक्रीट. झाकायच्या आधी प्रत्येक खांबाचा फोटो. करारात पाच टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवलीय. कॉन्ट्रॅक्टर कुरकुरला. सेक्रेटरी ठाम राहिले.

२९ जून

आईंच्या छताचा सैल भाग उतरवून पॉलिमर मॉर्टर भरलं. वरून झिरपणं चालूच, गच्ची होईपर्यंत राहणार. आई विचारतात, परत आत कधी? म्हटलं, ऑक्टोबरनंतर.

गच्चीचं कंत्राट ऑगस्टमध्येच ठरवायचं, दिवाळीनंतर माणसं मिळत नाहीत. जुना कोबा पूर्ण उतरवायचा, त्याच्यावर दुसरा थर नको. उतार मोजून घ्यायचा. पाणी कोंडून अठ्ठेचाळीस तास ठेवायचं आणि खालून तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या घरांची छतं बघायची. मग चायना चिप्स. त्या दोन दिवसांत मला कुठे जायला लावू नका, असं यांना आत्ताच सांगून ठेवलंय.