घुग्घुस ते गडचिरोली : दुचाकीवरील निवांत प्रवास

वर्धा नदीकाठचे घुग्घुस हे कोळशाचे गाव. खाणी, सिमेंट व लोखंडाचे कारखाने यांच्याभोवती येथील वस्ती वाढली आणि वस्तीबरोबर बाजारपेठही वाढली. या बाजारपेठेतील व्यापारी वसुलीसाठी किंवा मालाच्या मागणीसाठी गडचिरोलीकडे निघतो, तेव्हा बसच्या वेळा त्याला सोयीच्या नसतात आणि एकट्यासाठी मोटार काढणे परवडत नाही. मग दुचाकीच बाहेर निघते. जाताना शंभरावर किलोमीटर आणि येताना तेवढेच. पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ रात्री घरी पोहोचतो, तो कंबर धरूनच. घरच्यांना वाटते, वयच झाले. पुष्कळदा दोष वयाचा नसतो, बैठकीचा असतो.

पहिला टप्पा पडोलीमार्गे चंद्रपूरचा. या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग असते आणि हवेत काळी धूळ. चाकांत हवा अधिक असली तर प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जातो. कमी असली तर गाडी जड चालते व टायर तापतो. कंपनीने ठरवून दिलेला हवेचा दाब सकाळी चाके थंड असतानाच तपासावा. बहुतेक नेहमीच्या मोटारसायकलींत मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला कमीअधिक ताण देण्याच्या खाचा असतात. मागे नमुन्यांचे गाठोडे किंवा दुसरा माणूस असेल तर ताण वाढवावा, एकटे असताना कमी करावा. हे पाच मिनिटांचे काम आहे. अनेकांच्या गाडीची ती खाच विकत घेतल्या दिवसापासून हललेली नसते.

चंद्रपूर ओलांडून मूलच्या रस्त्याला लागले की लोहारा, चिचपल्लीकडचे सागवान व बांबूचे जंगल सुरू होते. येथपर्यंत तास-सव्वातास झालेला असतो आणि आसन बोलू लागते. मऊ गादी दुकानात सुखाची वाटते, परंतु तासाभराने ती दबते आणि शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. म्हणून कुशनचे काम करणाऱ्या कारागिराकडून मूळ फोमऐवजी घट्ट फोम बसवून घ्यावा व आसन थोडे रुंद, सपाट करून घ्यावे. परदेशातील प्रवासी आसनावर मेंढीचे कातडे घालतात. आपल्या घरांत त्याची गरज नाही आणि ते चालणारही नाही. जाड विणीचे, हवा खेळू देणारे जाळीचे आवरण तेच काम करते. जॅकेट व हातमोज्यांचेही तसेच. खांद्याला व कोपराला संरक्षक पट्ट्या असलेले जाळीदार कापडी जॅकेट मिळते, चामड्यावाचून काही अडत नाही.

हँडल इतके जवळ व उंच असावे की कोपर किंचित वाकलेले राहतील. तळहातावर भार देऊन बसणाऱ्याची बोटे मूल येईपर्यंत बधिर होतात.

मूलपुढे भाताची बांधबंदिस्ती आणि तलाव दिसू लागतात. सावली, व्याहाड मागे पडते, वैनगंगेचा पूल येतो आणि पलीकडे गडचिरोली. हा मार्ग पूर्वेकडे जातो. सकाळी निघणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येते आणि सायंकाळी परतणाऱ्याच्याही. हेल्मेटची काच स्वच्छ, बिनओरखड्याची हवी. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा वारा अंगाला थंड करत नाही, तापवतो. त्यामुळे अंग पूर्ण झाकावे, मानेभोवती ओला पंचा गुंडाळावा. दर तासाला उतरून चार पावले चालावे आणि उकळून थंड केलेले पाणी तहान लागण्यापूर्वीच प्यावे.

सर्वांत मोठी सोय मात्र विकत मिळत नाही, ती म्हणजे वेळ. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा आपल्या घरांतील नियम या रस्त्यावर प्राणरक्षकच ठरतो. तिन्हीसांजेला रोही व रानडुकरे रस्ता ओलांडतात, दिव्याकडे किड्यांचे थवे धावतात, ते जीवही जातात आणि चालकाचे डोळेही मिटतात. शेवटची एक वसुली उरकण्यासाठी पाचनंतर निघणारा माणूस अंधारात जंगल गाठतो. तेव्हा त्याची कंबर दुखत असते आणि लक्ष रस्त्यावर नसते, दुखण्यावर असते. समोरून ट्रक येतो तो अशाच क्षणी.

दुकानाच्या वहीत पेट्रोलचा खर्च नोंदला जातो, शरीराची झीज नोंदली जात नाही. पोष दशमीच्या सुमारास भद्रावतीच्या पार्श्वनाथ दर्शनाला सहकुटुंब जाण्याचा बेत आखताना घरच्यांनी वडिलांच्या दुचाकीचे आसनही एकदा हाताने दाबून पाहावे. ते दबून खालचा पत्रा हाताला लागत असेल, तर पहिला खर्च तेथेच करावा.