शंखांतलें एकत्र कुटुंब

आमच्या माजघरांत कांचेची एक पेटी आहे व तींत बोटाच्या पेराएवढ्या माशांचें एक कुटुंब गेलीं चार वर्षें नांदत आहे. या पाहुण्यांचें मूळ गांव एकदां डोळ्यांनीं पाहावें, म्हणून गेल्या वर्षीं आम्ही आफ्रिकेंतील झांबिया देशीं गेलों.

म्बाला गांव सोडून रस्ता उताराला लागला, कीं खालीं टांगानिका सरोवर पसरलेलें दिसतें. लांबी सुमारें ६७० किलोमीटर, खोली सुमारें १,४७० मीटर. याहून खोल सरोवर जगांत एकच, सैबेरियांतील बैकाल. म्पुलुंगू बंदरांतून आम्हीं होडी केली. सोबतच्या पाणबुड्यानें तळाशीं जाऊन घेतलेलीं चलच्चित्रें होडींतच पाहिलीं. वाळूवर मेलेल्या गोगलगायींचे शंखच शंख! पाणी क्षारयुक्त असल्यामुळें ते लवकर विरघळत नाहींत.

प्रत्येक शंख म्हणजे एक खोली. मासे तोंडानें वाळू उपसून शंखांभोंवतीं खळगा करतात. मादी शंखाच्या आंत अंडीं घालते आणि भय वाटतांच लहानथोर सारे आंत शिरतात. मल्टिफॅसिएटस नांवाच्या या जातींत एक मोठा नर वसाहतीचा कर्ता असतो. अभ्यासकांना असें आढळलें आहे कीं, माद्यांत भांडण जुंपलें तर तो मध्यें पडून तें मिटवितो. आणि परक्या वसाहतींतून येऊन राहतात त्या बहुधा माद्याच. म्हणजे सुना बाहेरून यावयाच्या आणि समेट कर्त्यानें करावयाचा! आम्हांस हंसूं आलें. पण लगेच घर आठवलें.

कारण आम्ही निघालों तेव्हां घरांत वाटण्यांची भाषा चालली होती. त्याच सुमारास, पेटी नीटनेटकी दिसावी म्हणून आम्हींच तिच्यांतले अर्धे शंख काढून टाकले होते. दुसऱ्याच दिवशीं माशांत लढाई जुंपली. एका मादीचे पर फाटले. शंख परत ठेवले, तेव्हां चार दिवसांत सारें शांत झालें. त्या गोष्टीचा अर्थ आम्हांस कळला तो या सरोवरावर. हीं कुटुंबें एकत्र राहतात तीं स्वभाव गोड म्हणून नव्हे. ज्याला त्याला शिरावयास आपला शंख असतो, म्हणून.

परतल्यावर हें सारें वडीलबंधूंच्या कानीं घातलें. ते कांहींच बोलले नाहींत. मात्र दिवाळीपूर्वीं त्यांनीं माडीवरची अडगळीची खोली रिकामी करवून धाकट्या जोडप्यास दिली व तिच्या दाराला आंतून कडी बसवून घेतली. वाटण्यांचा विषय तूर्त मागें पडला आहे. पंगत अजून एकच बसते.