कापूस कुठं भरला?

दिग्रसच्या बाजारात दिवाळीचा पैसा शेतातून येतो. सोयाबीन निघालं, विकलं, कापसाची पहिली वेचणी झाली, की मग कपडे, किराणा आणि सगळ्यात शेवटी फटाके. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फटाके विकायचे दिवस आणि घरोघरी कापूस साठायचे दिवस एकच असतात. भाव वाढेल या आशेनं शेतकरी पहिल्या वेचणीचा कापूस लगेच विकायला काढत नाही. पुढच्या खोलीत, ओसरीवर, जागा नसली तर झोपायच्या खोलीतही आढ्यापर्यंत भरून ठेवतो. अंगणात सोयाबीनचं कुटार पडलेलं असतं, गोठ्याला लागून गंजी असते. माझ्या दुकानातून निघालेली पिशवी संध्याकाळी अशाच घरात जाऊन पडते. दरवर्षी तात्पुरता परवाना काढून मी फटाक्यांचं दुकान लावतो, आणि माल मांडताना ते घर माझ्या डोळ्यांपुढे असतं.

आमचं मूळ दुकान किराणा आणि जनरल वस्तूंचं. वडिलांच्या काळात दिवाळी आली की त्याच दुकानात एका फळीवर लवंगीच्या माळा, टिकल्या, फुलझड्या, अनार मांडले जात. तेव्हा सगळ्याच गावांत तशी पद्धत होती. पण आज कायद्यानं पाहिलं तर ते दुकान फटाक्यांना चालतच नाही. केंद्र सरकारच्या २००८च्या विस्फोटक नियमांप्रमाणे फटाक्यांचं कायम दुकान विटांच्या, दगडी किंवा काँक्रीटच्या इमारतीत आणि तळमजल्यावरच लागतं. त्याचं क्षेत्रफळ ९ चौरस मीटरपेक्षा कमी नको आणि २५ पेक्षा जास्त नको. वर माणसांची वस्ती नको, जिन्याखाली किंवा जिन्याला लागून नको, तळघरात तर नकोच. आत यायला स्वतंत्र दार, संकटात निघायला दुसरं दार, आणि दोन्ही दारं बाहेर उघडणारी. आमच्या दुकानाच्या डोक्यावर आम्हीच राहतो आणि जिना गल्ल्याच्या पाठीमागून वर जातो. बाजारपेठेतली बहुतेक घरं अशीच आहेत. खाली आग लागली तर वरची माणसं उतरणार कुठून, एवढा एकच विचार त्या नियमामागे आहे आणि मला तो पूर्ण पटतो. म्हणून मी फटाके बाजारातल्या दुकानातून कायमचे काढले आणि गावाबाहेरच्या मैदानावर आलो.

मैदानावरच्या दुकानाचेही नियम आहेत आणि त्यांतला प्रत्येक मला तोंडपाठ आहे. दुकानाचा सांगाडा न जळणाऱ्या वस्तूंचा हवा. दोन दुकानांत किमान ३ मीटर मोकळी जागा हवी. दुकानांची तोंडं समोरासमोर नकोत. शाळा, दवाखाना, वस्ती अशा जपायच्या ठिकाणांपासून ५० मीटर लांब राहायचं. एका जागी ५० हून जास्त दुकानं नकोत. कोणत्याही दुकानापासून ५० मीटरच्या आत फटाका वाजवायचा नाही. कंदील, गॅसबत्ती, उघडी ज्योत आत आणायची नाही. दिवे भिंतीला किंवा छताला पक्के बसवायचे, वायरीला लोंबते सोडायचे नाहीत आणि दुकानांच्या प्रत्येक ओळीला एक मुख्य स्विच ठेवायचा.

लिहायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात पहिली ओढाताण बिछायतवाल्याशी होते. त्याच्याकडे पडदे, झालरी, कापडी छत तयार असतं, आणि त्याला वाटतं दिवाळीचं दुकान म्हणजे लग्नाचा मांडवच. मला पत्रे पाहिजेत, लोखंडी पाइप पाहिजेत. पत्र्याचं भाडं जास्त पडतं, दुपारी दुकान भट्टीसारखं तापतं, हे सगळं खरं. पण कापडावर एक ठिणगी पडली की ती छताछतानं पुढच्या दुकानात पोचते, पत्र्यावर पडलेली तिथंच विझते.

दुसरी ओढाताण आपसातली. मैदानाची लांबी ठरलेली, मागणाऱ्यांची संख्या वाढती. चिठ्ठ्या टाकून जागा ठरतात, आणि मग कुणीतरी म्हणतो, मधली जागा थोडी कमी करू, दोन दुकानं अजून बसतील. दोन दुकानांमधली ती मोकळी पट्टी रिकामी दिसते म्हणून खोक्यांची रास, दुचाक्या, पाण्याच्या कॅन तिथं येऊन बसायला लागतात. मी त्या पट्टीवरून भांडलो आहे आणि पुढेही भांडेन. आग लागली तर माणसाला पळायला आणि बंबाचा पाइप ओढायला तेवढीच वाट असते.

या बाबतीत २९ ऑक्टोबर २०१६ हा दिवस आमच्या धंद्यातल्या कुणी विसरू नये. त्या दिवशी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाका बाजार पेटला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, म्हणजे प्रत्येक दुकान मालानं गच्च भरलेलं. शंभराहून जास्त दुकानं बघता बघता गेली आणि उभी असलेली वाहनंही जळाली. मी ते टीव्हीवर पाहत होतो. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत रॉकेटं घुसत होती, आणि समोरासमोर दुकानं का नकोत हे मला त्या दृश्यानं जितकं समजलं तितकं कुठल्याही कागदानं समजलं नसतं.

फटाक्यांच्या आगीचा स्वभाव वेगळा आहे, तो समजून घ्यावाच लागतो. लाकूड, कापड जळायला बाहेरची हवा लागते, म्हणून त्यावर वाळू किंवा पावडर मारली की आग गुदमरते. फटाक्याच्या दारूत जळायला लागणारा प्राणवायू आतच असतो, पोटॅशियम नायट्रेटसारख्या क्षारातून तो मिळतो. एकदा माल पेटला की तो झाकून विझत नाही. दुकानात मी वाळूच्या बादल्या, पाण्यानं भरलेला ड्रम आणि पावडरचं अग्निशामक असं तिन्ही ठेवतो, पण कामावरच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगून ठेवतो की ही साधनं खोक्याचा पुठ्ठा, वायर, सतरंजी पेटली तर तेवढ्यासाठीच. मालानं पेट घेतला तर गल्ला, हिशेबाची वही, काहीही उचलायचं नाही, गिऱ्हाइकांना ओरडून बाहेर काढायचं आणि आपण पळायचं. शेजारच्या दुकानांनाही हेच सांगितलेलं असतं. ओळीचा मुख्य स्विच कुठं आहे हे प्रत्येकानं हात लावून पाहिलेलं असलं पाहिजे, नुसतं ऐकलेलं चालत नाही.

पोरं ठेवायची तर अठरा वर्षांवरचीच. नियम तसं सांगतो, पण दिवाळीच्या सुट्टीत शाळेतली पोरं कामासाठी मागे लागतात. त्यांच्या आया येऊन म्हणतात, "भाऊ, दोन पैसे भेटतीन, ठेवून घ्या ना." मला वाईट वाटतं, तरी मी नाही म्हणतो. ७ ऑक्टोबर २०२३ला कर्नाटकात, तमिळनाडूच्या सीमेवरच्या अत्तिबेले इथं फटाक्यांच्या दुकान-गोदामाला आग लागली. गाडीतून माल उतरवणं चालू होतं. चौदाहून अधिक माणसं गेली. त्यांत दिवाळीच्या कमाईसाठी तमिळनाडूतून आलेली शिकणारी पोरं होती. त्या बातमीनंतर तर मला या विषयावर कुणाशी वाद घालावासा वाटत नाही.

माल उतरवण्याची वेळ मी स्वतः सांभाळतो. गाडी दुकानाला लावून इंजिन चालू ठेवायचं नाही. खोकी फेकायची नाहीत, ओढायची नाहीत. जमिनीची ओल लागू नये म्हणून खाली लाकडी फळ्या, वर रास छातीच्या उंचीपर्यंतच. आवाजाचा माल एका बाजूला, फुलझड्या-अनार दुसऱ्या बाजूला, मध्ये चालायची वाट. परवान्यावर जेवढ्या किलोंचा आकडा आहे तेवढाच माल दुकानात. उरलेला ठोकवाल्याच्या परवान्याच्या गोदामात, आणि लागेल तसा बिलासह आणायचा. "एकदमच भरून ठेवला तर गाडीभाडं वाचते," असं सगळे म्हणतात. वाचतं हे खरं. पण मग रात्री तो माल कुणाच्या तरी घरात ठेवावा लागतो, आणि ते घर बाजारपेठेतलं, वर माणसं झोपलेली, असंच असतं. रात्री दुकानाला कुलूप लागतं आणि राखण करणारा माणूस दूर, मोकळ्यावर बसतो. आत कुणी झोपत नाही, मोबाइलचं चार्जर लावत नाही.

गिऱ्हाइकांशी बोलण्यात माझा निम्मा दिवस जातो. तोंडात पेटती बिडी घेऊन आलेला माणूस दुकानापर्यंत पोचता कामा नये, म्हणून दोरी बांधून आम्ही त्याला आधीच अडवतो. "काकाजी, बिडी तिकडं विझवा, मग या." काकाजी म्हटलं की कुणी रागावत नाही. "एक वाजवून दाखवा ना भाऊ, आवाज कसा हाये त पाहू," हे तर रोजचं. नाही म्हटलं की माणूस पुढच्या दुकानात जातो. जाऊ द्यावा.

लडीवरून सगळ्यात जास्त बोलावं लागतं. २३ ऑक्टोबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं जोडलेल्या फटाक्यांच्या, म्हणजे लडींच्या विक्रीवर बंदी घातली. बेरियमचे क्षार वापरलेले फटाके बंद केले, ऑनलाइन विक्री बंद केली आणि दिवाळीत रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली. हजाराची लड लागल्याशिवाय दुकानाचा मुहूर्त होत नाही असं मानणारे व्यापारी आमच्याकडे आहेत. त्यांना कमी प्रदूषणाचा, म्हणजे हिरव्या फटाक्यांचा, माल दाखवतो. त्याची सूत्रं आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं बांधली आणि परवानगी देणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं, म्हणजे पेसोचं, मुख्य कार्यालयही नागपुरातच आहे. खोक्यावर नीरीची खूण आणि क्यूआर कोड असतो. ठोकवाल्याकडून घेताना मी तो पाहतो, खूण नसलेलं खोकं परत करतो. त्यातून धूळ साधारण ३० टक्के कमी उडते असं नीरी सांगते. धूर राहतोच, आणि गिऱ्हाइकाला मी तसंच सांगतो. हिरवा फटाका म्हणजे निरुपद्रवी, असं म्हणून विकणं मला जमत नाही. आवाजाची मर्यादाही १९९९पासून ठरलेली आहे. फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर जाणारा फटाका बनवता किंवा विकता येत नाही.

पण रॉकेट मागणाऱ्या माणसाला मी जे विचारतो ते कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. गावाकडचा माणूस असला की मी विचारतो, "कापूस कुठं भरला?" सुरुवातीला लोक चमकतात. फटाकेवाल्याला कापसाशी काय करायचं? मग कुणी सांगतो, ओसरीवर आहे. कुणी सांगतो, खिडकी तुटकी आहे तिथल्या खोलीत. अनार जागच्या जागी उडतो, चक्री पायाशी फिरते, फुलझडी हातात राहते. रॉकेट कुठं उतरेल हे लावणाऱ्याच्या हातात नसतं, आणि बाटली आडवी झाली तर ते सरळ समोरच्या दारात जातं. कापसाची आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत ढिगात धुमसत राहते. तासाभरानं परत पेटते. जिनिंगच्या आवारात काम केलेला कुणीही हे सांगेल. वर्षभराचं कर्ज, बियाणं, औषध, निंदणीची मजुरी, सगळं त्या एका खोलीत भरलेलं असतं.

एकदा पुसद रस्त्यावरच्या एका तांड्यावरून बाप-लेक आले होते. दिवाळी आटोपली की घरची मंडळी ऊसतोडीला निघणार होती, म्हणून पोराला मनासारखे फटाके घ्यायचे होते. पोरगा रॉकेटच्या पाकिटावरचा हात काढायला तयार नव्हता. मी बापाला कापसाचं विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग लेकाला म्हणाला, "आपल्या घरी नको बाप्पा. इथं कापूस, तिथं कुटार." मी पाकीट घेऊन त्याच किमतीत अनार आणि चक्र्या दिल्या. सांगितलं की कापसाच्या खोलीचं दार-खिडकी लावून घ्या, पाण्याची बादली भरून ठेवा, न फुटलेल्यावर वाकून पाहू नका, तो पाण्यात टाका. पुढच्या वर्षीही ते माझ्याकडेच आले. आता गावाकडच्या गिऱ्हाइकासाठी रॉकेटं मी मांडतच नाही. शहरात मोकळं मैदान असणाऱ्या कुणी मागितली तर आतून काढून देतो.

पिशवी देताना शेवटचा प्रश्न, जाणार कशानं? एसटीत आणि रेल्वेत फटाके न्यायला बंदी आहे. पण बाजाराला आलेली अर्धी माणसं एसटीनंच परत जातात. त्यांना मी सांगतो की गावातल्या दुचाकीवाल्याबरोबर पिशवी पाठवा, डिक्कीत नको, पेट्रोलच्या टाकीवर नको. काही जण पिशवी दुकानातच ठेवून दुसऱ्या दिवशी घेऊन जातात. नाव लिहून, वेगळी ठेवून देतो.

भाऊबीज झाली की मैदान ओस पडतं आणि उरलेल्या मालाचं काम सुरू होतं. मोह असतो तो इथंच. तुळशीचं लग्न येतं, त्यानंतर वराती, मग नवं वर्ष, माल खपेल, घरी ठेवू, असं मन म्हणतं. पण परवान्याची मुदत संपली की त्याच खोक्यांचा साठा बेकायदा होतो, आणि घर तेच, जिना तोच. म्हणून मुदत संपायच्या आत मी माल मोजून ठोकवाल्याच्या गोदामात परत पाठवतो. भिजलेलं, फाटलेलं, वात तुटलेलं काही वाळवून विकत नाही. ते पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून ठेवतो आणि आतपर्यंत भिजून मऊ झाल्यावर टाकतो. परतीच्या मालाला ठोकवाला पूर्ण भाव देत नाही, गाडीभाडं अंगावर पडतं. ती रक्कम मी दिवाळीआधी भाव लावतानाच धरून चालतो.