नामंजूर दुरुस्त्यांचा तास

नागरिकशास्त्रात संविधाननिर्मितीचा पाठ बहुधा तारखांचाच होऊन जातो. ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभेची पहिली बैठक, २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती, २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकृती. यात चूक काही नाही. पण मुलांच्या मनात चित्र उरते ते कुणीतरी आधीच ठरवलेला मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून काढल्याचे. मग एवढी वर्षे का लागली, हा प्रश्नही कुणाला पडत नाही. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. शिकवायला सुरुवात इथून करावी, आणि त्यातही ज्या दुरुस्त्या पडल्या किंवा ज्यांनी मसुद्याला वाकायला लावले त्यांच्यापासून, असे माझे मत आहे.

ग्रामपंचायतीचेच घ्या, निदान तिची पाटी तरी मुलांनी पाहिलेली असते. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा सभेपुढे ठेवताना आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवगीतांवर कोरडे ओढले. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर. मसुद्याने खेडे बाजूला सारून व्यक्ती हा घटक धरला, याचा त्यांना आनंद होता. कित्येक सदस्यांना हे झोंबले, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. २२ नोव्हेंबरला के. संतानम यांनी ग्रामपंचायती संघटित करण्याविषयीची दुरुस्ती मांडली आणि आंबेडकरांनी ती स्वीकारली. तोच आजचा अनुच्छेद ४०. आता वर्गाला विचारावे, जिंकले कोण? घाईचे उत्तर ‘खेड्यांची बाजू’ असेच असणार. मग हा अनुच्छेद बसला कुठे ते शोधायला लावावे. तो आहे मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे जिथे न्यायालयात दाद मागता येत नाही. पंचायतींना भक्कम घटनात्मक चौकट मिळाली ती ७३ व्या दुरुस्तीने, १९९३ मध्ये. ‘तडजोड’ या शब्दाची व्याख्या फळ्यावर लिहून जे साधत नाही, ते या एका अनुच्छेदाची जागा शोधताना साधते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही: भांडणे दाखवली तर मुलांचा संविधानाबद्दलचा आदर ओसरेल आणि बाबासाहेबांचे श्रेय विरळ होईल. मला उलटे दिसते. मसुदा समितीतले कोण गेले, कोण दूर राहिले आणि भार अखेर एकट्या आंबेडकरांवर कसा आला, हे टी. टी. कृष्णम्माचारींनी सभागृहातच सांगितले होते. तो भार नुसता लिहिण्याचा नव्हता. स्वतःला न पटलेली दुरुस्तीही सभेची इच्छा म्हणून मसुद्यात बसवून घेणे, हा त्या कामाचा अवघड भाग. तो झाकला तर उरतो फक्त पुतळा. (पुतळ्याला हार घालणे सोपे असते, हे शाळांना चांगले ठाऊक आहे.)

दुसरा आक्षेप वेळेचा. परीक्षेत तारखा विचारतात, वादविवाद नाही. पण त्यासाठी वादविवादांचे सगळे खंड वर्गात आणायची गरज नाही. दोन पानांचा उतारा पुरतो. १७ ऑक्टोबर १९४९ चा घ्यावा. उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी ह. वि. कामथ यांची दुरुस्ती होती. ईश्वरावर मत द्यायची वेळ आणू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जींनी केली. कामथांनी आग्रह सोडला नाही. बाजूने ४१, विरुद्ध ६८.

काही शाळा ‘अभिरूप संविधान सभा’ भरवतात. कल्पना चांगली, पण फेटे बांधून मुले आजचीच मते बोलू लागली की तिचे स्नेहसंमेलन होते. त्यापेक्षा हे आकडे पुढे ठेवावेत आणि विचारावे: विरोधात मत दिलेल्या ६८ जणांत भाविक कुणी नसेल का? असेल, तर त्याने हात विरोधात का वर केला? या उत्तरासाठी तास संपला तरी चालेल.