परमुलखांतील उपास

सर्बियाची राजधानी बेलग्रेड येथें निघतांना घरच्या वडील मंडळींस एकच काळजी : त्या मांसाहारी मुलखांत हीं पोरें खाणार काय?

तेथें मुख्य ख्रिस्ती देवळासमोर १८२३ सालच्या घरांत एक खाणावळ आहे. १८९२ सालीं मालकानें तिला देवळाचें नांव दिलें. धर्माधिकाऱ्यांनीं हरकत घेतली, तेव्हां त्यानें पाटीवर नुसतें प्रश्नचिन्ह काढलें. तेंच तिचें नांव झालें.

आमचा प्रश्न मात्र तेथें 'पोस्नो', म्हणजे उपासाचें, या एका शब्दानें सुटला. ऑर्थोडॉक्स लोक उपासास मांस, अंडीं, दूध वर्ज्य मानितात. मासे कधीं चालतात, तेवढे नकोत म्हणून बजावावें. भट्टींत भाजलेला घेवडा, लाल ढोबळ्या मिरच्यांची 'आयवार' नांवाची चटणी आणि पाव ताटांत आला. उपासानें पोट भरेल, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें!