पिल्लू आणण्याआधी

वस्तीला राखण हवी म्हणून आपण कुत्र्याचं पिल्लू उचलून आणतो. मीही एकदा आणलं होतं, जेमतेम ३ आठवड्यांचं. पोरांनी कौतुकानं वाटीभर म्हशीचं दूध पाजलं. रात्रभर ते आईसाठी कुईकुई करत राहिलं. पुढं हगवण लागली आणि चौथ्या दिवशी ते गेलं. गावोगाव सल्ले देत हिंडणारा मी, पण पोरांना काय सांगावं ते सुचेना.

म्हणून सांगतो, पिल्लू ८ आठवडे आईपाशीच राहू द्या. आणण्याआधी पडवीत वारं न लागणारा कोपरा बघून कोरडं गोणपाट अंथरा. आईच्या अंगाखालचं एखादं फडकं सोबत आणा. त्या वासानं ते निवांत झोपतं. भाकरीचा मऊ कुस्करा, उकडलेलं अंडं असं थोडं थोडं, दिवसातून ४ वेळा द्या. कांदा-लसूण मात्र नको. जंताचं औषध गुरांच्या डॉक्टरांना विचारून पाजा. ३ महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्याच. पुढंही डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता. खेळता खेळता पोराला दात लागलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुन्यावर विसंबू नका.

पिल्लू उद्या आपली राखण करील; आज त्याची राखण आपणच करायची.